पीना मना, ओढणं नाही

इकडे हिंदी मुलखात, अधारतालच्या दवाखान्यात माझी दाढ काढली, तेव्हा एवढा खड्डा पडला की त्यात सायकलरिक्षा उभी राहिली असती. डॉक्टर म्हणाले, "आज बीडी पीना मना है." बाहेर बाकावर बसून मी विचार केला, आपण मराठी माणसं बिडी पितो कुठे, ओढतो! हात खिशाकडे गेला.

शेजारी एक अनोळखी माणूस, गाल सुजलेला, तोंडाला लवंगेचा वास. त्याचा डोळाही माझ्या खिशावरच. हा बिडीचोर, मी ताडलं.

"काहून भाऊ, ओढून राहिले का?" गाल धरून तो म्हणाला. "अहो, ते ओढणंच तर घात करते. खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून जाते, मग उघडं हाड बोंबलते. मी ओढली, म्हणून आज पुन्हा औषध भरायला आलो. द्या ते बंडल इकडे."

तेवढ्यात त्याला आत बोलावलं. खड्डा धुताना तो असा ओरडला की तिकडे लांब पाटनच्या बाजारातले बैल उधळले असतील. तो बाहेर येताच मी घाबरून बंडल देऊन टाकलं. एवढा ओरडलेला माणूस, पण बंडल खिशात घालताना चक्क हसला.

माझा खड्डा न दुखता भरला. पण ती किंकाळी दाढेसाठी होती की बिडीसाठी, हा संशय अजून उघडाच आहे.