करोडगिरी नाक्यावरचा झेंडा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आमच्या सोसायटीत हे वाक्य वाचून दाखवलं तर लोक पोट धरून हसतील — साळवीने न सांगितलेलं असं काही जगात शिल्लक आहे? स्वतःच्या मूळव्याधीपासून दुसऱ्याच्या घटस्फोटापर्यंत सगळं मी सांगून मोकळा झालेलो आहे. हे एवढं एक मात्र गिळून बसलो. बायकोलाही कळू दिलं नाही. ती गेली. आता सांगायचं म्हटलं तरी —

असो. तुम्ही बसा जरा. वेळ लागेल, कारण मला सरळ सांगायची सवय नाही.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. कोपरखैरण्यात आमची चार मजली इमारत, आणि खाली पाण्याच्या टाकीचा कट्टा. तळवलीजवळच्या एका केमिकल कंपनीत मी शिफ्टमध्ये होतो. पण माझी खरी नोकरी त्या कट्ट्यावर. बंडल मारणे. खाडीकडचे डास इतके दांडगे की त्यातल्या चौघांनी मिळून माझी सायकल दुसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवली, हे मी सांगितलेलं. मोरा बंदराच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच चिखलात रुतली तेव्हा मी एकट्याने खांदा देऊन ती काढली, आणि कोळणींनी मला टोपलीभर बोंबील दिले, हेही माझंच. लोकांना ठाऊक होतं की मी फेकतो. तरी यायचे. म्हणायचे, "साळवी, आज काय?"

तुम्हाला तेव्हाची नवी मुंबई आठवते का? कुणी परळहून आलेलं, कुणी गुहागरहून, कुणी साताऱ्याकडून. गावात माणसाचा बाप, आजा, पणजा सगळ्यांना पाठ असतो. इथे माणसाची माहिती म्हणजे दारावरची प्लॅस्टिकची पाटी. बाकी सगळं कट्ट्यावर ठरायचं — कोण कुठला, त्याच्या बापाने काय केलं, याची बायको त्याच्याशी का बोलत नाही. आणि कट्ट्यावर मी बसलेला असायचो. अर्ध्या इमारतीला तिचा भूतकाळ मी पुरवलेला आहे, असं म्हटलं तर ती थाप नव्हे.

मग तिसऱ्या मजल्यावर जोगदंड मास्तर राहायला आले. बीडकडचे, निवृत्त शिक्षक. किडकिडीत माणूस, धोतर, बारीक आवाज. संध्याकाळी कट्ट्यावर येऊन टोकाला बसायचे. एकदा कुणीतरी त्यांना विचारलं, मास्तर, तुमच्याकडे पारतंत्र्याच्या वेळी काय होतं? आणि मास्तर बोलले. हळू, हातवारे नाहीत, कुठे ताणणं नाही. देश स्वतंत्र झाला तरी त्यांचा मुलुख निजामाच्या ताब्यातच राहिला, वर्षभराहून जास्त. तिरंगा लावला म्हणून माणसं मार खात होती. माझी लाँच, माझे डास, माझे बोंबील — कुणाला आठवण नाही. दुसऱ्या दिवशी लोक मास्तरांच्या बाजूला सरकून बसले. मी टोकाला.

मला राग आला होता का? त्या वेळी विचारलं असतं तर मी हसून म्हणालो असतो, छे! आला होता. खऱ्या गोष्टीने माझं गिऱ्हाईक पळवलं होतं.

मास्तरांना मात्र मी आवडायचो. ऐकून घेतो म्हणून. श्रावणात त्यांनी मला घरी चहाला बोलावलं आणि ट्रंकेतून एक जुन्या धोतरात गुंडाळलेलं कापड काढलं. पिवळं, मधोमध पांढरा गोल, वर-खाली उर्दू वळणाची अक्षरं. निजामाचा झेंडा. आणि एका कोपऱ्याला तळहाताएवढा तपकिरी डाग.

"सगळ्यांना सांगत बसत नाही मी. तुमाला सांगतो," म्हणाले.

अठरा वर्षांचे होते ते. निजामाचे सरहद्दीवर जकातीचे नाके असत, त्याला करोडगिरी नाका म्हणत. मास्तर आणि त्यांचा मित्र एका नाक्यावर गेले, मित्र काठीवर चढला, झेंडा उतरवला, आणि खाली येताना त्याच्या मांडीत गोळी बसली. बांधायला दुसरं काही नव्हतं — त्याच झेंड्याने मास्तरांनी मांडी बांधली. ज्वारीच्या रानात दोन रात्री काढल्या. तिसऱ्या दिवशी मित्र गेला. शिपाई मागावर होते. प्रेत तिथेच टाकून, फक्त मांडीचं ते कापड सोडवून घेऊन मास्तर निघाले. त्याला अग्नी कुणी दिला, दिला की नाही, शेवटपर्यंत कळलं नाही. फोटो नाही, आईबाप आधीच गेलेले. त्याचं म्हणून उरला तो तेवढा डाग. मास्तरांनी पन्नास वर्षं ते कापड धुतलं नव्हतं. दर सतरा सप्टेंबरला, संस्थान संपलं त्या दिवशी, ते उपास करायचे, कुणाशी बोलायचे नाहीत, आणि कसर लागू नये म्हणून झेंडा तासभर उन्हात घालायचे. गावाकडे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कुणी वर बघायचंही नाही.

इथे कुणाला माहीत होतं? मला.

सतरा सप्टेंबरला सकाळी उघडीप होती. मास्तरांनी झेंडा गॅलरीच्या दोरीवर घातला. गॅलरी रस्त्यावर. त्या वर्षी स्वातंत्र्याची पन्नाशी, महिन्यापूर्वीच सोसायटीने दणक्यात झेंडावंदन केलेलं, सगळ्यांच्या डोक्यात झेंडेच झेंडे. मी सेकंड शिफ्टला, म्हणून कट्ट्यावर. आमचे सेक्रेटरी शेलार — वाशीच्या मार्केटात कांद्याबटाट्याचे व्यापारी, मूळचे साताऱ्याचे — मान वर करून उभे.

"साळवी, मास्तरांनी ते काय लटकवलंय? उर्दू लिहिलंय राव त्याच्यावर. पाकिस्तानचं हाय का काय?"

काय अवघड होतं? दोन वाक्यं. पण त्या दोन वाक्यांनी मास्तर आणखी मोठे झाले असते, आणि मी त्यांचा भालदार. पाच-सहा माणसं माझ्याकडे बघत होती. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे.

"म्हणजे तुम्हाला माहीतच नाही?" मी म्हणालो. ही माझी नेहमीची सुरुवात.

मग मी सांगितलं. मास्तरांचा बाप निजामाचा करोडगिरी नाक्यावरचा अंमलदार. झेंड्याला सलाम केल्याशिवाय पाणी प्यायचा नाही. संस्थान बुडालं तेव्हा रडून रडून आंधळा झाला. तो झेंडा पोराने जपलाय, दरसाल त्याच तारखेला बाहेर काढतो. "विश्वास नसेल तर आज त्यांना जेवायला बोलावून बघा. जेवणार नाहीत. बोलणार नाहीत. सुतक पाळतात निजामाचं!"

बघा कशी बेतली होती. नाका खरा, तारीख खरी, उपास खरा, मौन खरं. खोटं शिवायचं तर कापड खरं घ्यावं, ही माझी कारागिरी. फक्त उलटं करून शिवलं.

मला वाटलं, हसतील. मी थांबलोसुद्धा हसण्यासाठी. शेलार हसले नाहीत. त्याच क्षणी "बंडल मारली हो" म्हटलं असतं तर? तोंडाशी आलं होतं. पण मग शेलार वर गेले, मास्तरांना "चला, जेवायला या" म्हणाले, आणि मास्तरांनी हात जोडून मान हलवली. बोलले नाहीत. शेलार खाली आले ते लालबुंद होऊन.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. संध्याकाळपर्यंत अंमलदाराचा जेलर झाला. दुसऱ्या दिवशी जेलरने सत्तर माणसं फासावर दिली. शुक्रवारी कुणीतरी मलाच सांगितलं की मास्तरांच्या देवघरात निजामाचा फोटो आहे — माझी थाप माझ्याकडे परत आली तेव्हा मलासुद्धा ती ओळखू येईना, इतकी अंगाने भरली होती. एका छोट्या पेपरात चौकट आली. शनिवारी दोन जीप भरून बाहेरची पोरं आली, घोषणा झाल्या, मास्तरांच्या स्वयंपाकघराची काच फुटली.

मी वर गेलो होतो. खरंच गेलो होतो, सांगून टाकायला. जिन्यात मास्तरांची बायको भेटली, सुपलीत काचा घेऊन.

"साळवीभाऊ, तुमी तरी सांगा की हो त्यास्नी. तुमाला तर समदं ठावं हाय."

"टेन्शन घेऊ नका काकू. मी आहे ना," म्हणालो. आणि खाली आलो.

रविवारी सकाळी दहाला तातडीची सभा, इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत. बाहेरची पोरंही आली होती. मास्तर झेंडा छातीशी धरून उभे. त्यांनी सगळं सांगितलं, त्याच बारीक आवाजात — काठी, गोळी, ज्वारीचं रान. मागून कुणीतरी ओरडलं, "पुरावा काय?" मास्तरांनी डाग दाखवला. "चहाचा असंल!" हशा झाला. मग मास्तरांनी गर्दीत मला शोधलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली — माणूस सापडल्याची.

"ह्या साळवीसाहेबांना मी श्रावणातच सांगितलंय. तेव्हा काही वाद नव्हता. साळवी, सांगा की."

सगळे वळले. एवढं मोठं गिऱ्हाईक मला आयुष्यात मिळालं नव्हतं. शेलार माझ्याकडे बघत होते. ती गोष्ट कुठून निघाली हे त्यांना पक्कं माहीत. खरं बोललो असतो तर दोन्ही जीप माझ्याकडे वळल्या असत्या.

मी म्हणालो, "मास्तर काहीतरी बोलले होते खरं. पण मला नीट आठवत नाही."

"साळवीला आठवत नाही म्हणजे झालंच नसंल!" कुणीतरी म्हणालं. पुन्हा हशा.

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की, बोललो असतो तरी काय उपयोग? बंडलबाजाच्या साक्षीवर कोण विश्वास ठेवणार? ठेवला असता. खोट्यावर ठेवला होता की.

ठरलं की झेंडा तिथेच जाळायचा. मास्तर म्हणाले, डागाचा तेवढा कोपरा कापून द्या. शेलार म्हणाले, "तुकडे कसले करताय? समदाच जाळा." मग मास्तर म्हणाले, "ठीक आहे. पण कुणी हात लावू नका. काडी मीच लावतो."

"माचिस कुणाकडं हाय?" शेलारांनी विचारलं.

मी विड्या ओढायचो. सगळ्यांच्या आधी माझा हात खिशात गेला. मीच पुढे झालो, मीच दिली. मास्तरांनी ती घेतली, माझ्याकडे न बघता.

त्यांनी चपला काढल्या. झेंडा जमिनीवर अंथरला, चारही टोकं आत घेऊन त्याची घडी केली, डाग वर येईल अशी. काडी लावली. मग त्या एवढ्याशा जाळाभोवती ते फिरले, आणि हात जोडून, डोळे मिटून उभे राहिले, सगळं विझेपर्यंत. पोरांना वाटलं, निजामाला निरोप चाललाय. "शेवटचा मुजरा! शेवटचा मुजरा!" ओरडत टाळ्या पिटल्या त्यांनी. तिथे काय चाललंय ते दोघांनाच ठाऊक होतं. मास्तर ज्वारीच्या रानात उभे होते. पन्नास वर्षांनी मित्राला अग्नी देत होते. आणि दुसरा मी — टाळ्या वाजवणाऱ्यांत उभा. वाजवल्या का? हो. दोन-तीन.

मास्तर दिवाळीआधी मुलीकडे परभणीला गेले. ट्रक भरताना मी खाली होतो. त्यांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. त्यांना कळलं होतं की नाही, तेही मला माहीत नाही. कट्ट्यावर मी पुन्हा मधोमध बसू लागलो. लोक यायचे. मी डासांचं सांगायचो.

त्या रविवारी जे बोलायला हवं होतं ते आता लिहून ठेवतो. त्या मुलाचं नाव माधव होतं. वय एकोणीस. काठीवर तो चढला, झेंडा त्याने उतरवला. तिसऱ्या दिवशी पहाटे पाणी मागत तो गेला, आणि मास्तरांकडे पाणी नव्हतं. हे मास्तरांनी मला श्रावणात सांगितलं होतं. मला सगळं नीट आठवत होतं.