बाळंतपणाला निघालेली ताई

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात सलूनच्या खुर्चीत होतो. डावा गाल झालेला, उजव्यावर फेस. फोन अमरावतीहून, ताईच्या शेजारच्या वंदनाबाईंचा. "भाऊ, या लवकर," एवढंच त्या म्हणाल्या आणि मी तोंड पुसून तसाच एसटी स्टँडवर पळालो. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा समोरच्या सीटवरच्या म्हातारीने मला निरखून पाहत विचारलं, "काहून जी, अर्धीच केली?" बहिणीच्या मयतीला अर्ध्या दाढीने जाणारा अख्ख्या वऱ्हाडात मीच असेन. ताई असती तर म्हणाली असती, "बाल्या, कोनतं काम पुरं केलं तू आजलोक?" हे वाक्य ऐकवायला ती आता नाही, हे बडनेऱ्याच्या अलीकडे कुठेतरी डोक्यात शिरलं... मग दाढीचं काही वाटेनासं झालं.

ताई माझ्याहून बरीच मोठी. भातकुलीकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होती आणि निवृत्त झाल्यावरही घरात मुख्याध्यापिकाच राहिली. सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणायची. आम्हीही म्हणतो, पण आम्ही म्हणतो आणि चहाला बसतो. ती म्हणायची आणि दिवसभर ते वागायची. एकदा एसटीत मी माझ्या पोराचं अर्धं तिकीट काढलं, तर मागच्या सीटवरून हिचा आवाज आला, "कंडक्टरसाहेब, याले मागच्याच महिन्यात बारा पुरे झाले." सगळी गाडी माझ्याकडे बघत होती. मी उरलेलं अर्धं तिकीट काढलं आणि अमरावती येईपर्यंत खिडकीबाहेरची कपाशी पाहत बसलो.

मीनल ही तिची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन अमेरिकेत. भाऊजी आधीच गेलेले. मीनलला दिवस गेल्याचं कळलं आणि ताईच्या घराला पंख फुटले. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी झाली, झबली झाली, बाळंतशेपा आल्या, निघायच्या आठवड्यात डिंकाचे लाडू वळून झाले. व्हिसा मिळाला होता. आता तिथल्या विमानतळावरचा साहेब काय विचारेल, एवढीच काळजी. नागपूरचं विमानतळ मी फक्त बाहेरून पाहिलेलं, म्हणून या विषयातला तज्ज्ञ मीच ठरलो. लुंगीवर भाऊजींचा लग्नातला कोट चढवला, टेबलाच्या पलीकडे बसलो आणि दरडावलं, "व्हाय यू कम?"

"आधी गुड मॉर्निंग म्हन," साहेबालाच तंबी मिळाली.

मी म्हटलं, "ताई, हे पाय, दिवस खराब आहेत. तिकडे लय कडक करून राहिले. तू फक्त सांग का फिराले आली. पूल पाहाले, समुद्र पाहाले."

"काहून? पोरगी बाळंत होऊन राहिली अन् मी पूल पाहू?"

"अवं, म्हनाले काय जाते?"

"चौथं शील जाते," ती म्हणाली आणि लाडवांचा डबा सुतळीने बांधायला लागली. खोटं न बोलण्याचं ते शील. लुंगीतल्या साहेबाने कोट उतरवला.

पुढे तिथल्या विमानतळावर काय झालं ते तिने मला एकदाच सांगितलं, तुरीची डाळ निवडता निवडता. खिडकीतला पोरगा बोलायला चांगला होता म्हणे. फोनवर हिंदी समजावून सांगणारी बाई होती. इथे येऊन काय करणार, असं त्याने विचारलं. ताईने सगळं सांगितलं. बाळाला तेल लावणार, न्हाऊ घालणार, बाळंतिणीचा स्वयंपाक करणार, पोरगी नोकरीवर गेली की बाळ सांभाळणार. याच्या बदल्यात काही मिळणार का, असं त्याने विचारलं. आता आपल्याकडची कोणती सासू परमुलखात, परक्या माणसासमोर, जावई काही देणार नाही असं म्हणेल? जावयाच्या अब्रूचा प्रश्न होता. ताई ताठ बसली आणि म्हणाली, "मिलेगा ना! नामकरण में दामाद साडी पहनाएगा. अच्छी वाली." त्या पोराने ते लिहून घेतलं. मग एक खोली, मग सही, मग व्हिसा रद्द. फिरायच्या व्हिसावर कामाला आली, मोबदला ठरलेला आहे. मिळेल त्या विमानाने परत.

"भिंतीच्या पलीकडे मीनल उभी होती, बाल्या. मले वाटे, हाक मारली तं आयकू जाईन तिले."

"मंग मारली?"

"नाही. नववा महिना होता तिचा. घाबरली असती." आणि ती पुन्हा डाळीतले खडे बघायला लागली.

तिला आणायला नागपूरला मी गेलो होतो. जाताना काय सुचलं कोण जाणे... परदेशातून येणाऱ्याला हार घालतात, एवढं डोक्यात होतं, म्हणून शेवंतीचा हार घेतला. ताई बाहेर आली, तीच साडी, तोच डबा, सुतळीसकट. हाराकडे पाहून म्हणाली, "हा कोनाले?" मी तो पाठीमागे लपवायला गेलो. तिने मान पुढे केली. "आनला तं घाल." आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला, पण ती वाकलेली मान मला विसरता येत नाही. डबा तिने घरी आल्यावर सोडला. वंदनाबाईंची लेक बाळंतपणाला आली होती, सगळे लाडू तिला. मी एक उचलायला गेलो तर हातावर फटका बसला, "बाळंतिनीचे आहेत ते."

नातू झाला, तो फोनवरच. तो चालायला लागला, तेही फोनवर. आणि मग ताईच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तिला ते माझ्या तोंडावरूनच कळलं. त्या दिवसापासून, मंडळी, माझ्या बहिणीने खोटं बोलायला सुरुवात केली. स्वतःसाठी त्या खिडकीपुढे एक शब्द खोटा बोलली नाही ती बाई पोरीसाठी रोज खोटं बोलायची. फोनच्या आधी पावडर लावायची, उशीला टेकून बसायची, "अपचन झालं व माय, जांभळं जास्त खाल्ली," असं सांगायची. जांभळाचा मोसम नव्हता. मी तिच्याजवळच मुक्कामाला होतो, अकोल्याला एखाद्याच दिवशी जायचो, म्हणून फोन धरायचं काम माझं. सलाईनचा स्टँड दिसू द्यायचा नाही, एवढंच सांभाळायचं होतं, आणि तेही मला जमलं नाही. एके दिवशी फोन हातातून निसटला आणि स्टँड, बाटली, नळी, सगळं दिसलं. "ते हँगर आहे," मी म्हटलं. मीनल स्क्रीनच्या अगदी जवळ आली. मग म्हणाली, "बरं, मामा."

दुसऱ्या दिवशी तिने तिकीट पाहिलं. अडचण अशी होती की जावयाने नोकरी बदललेली, दोघांचे व्हिसाचे कागद नव्याने टाकलेले, उत्तर यायचं होतं. वकिलाने सांगितलं होतं, जायला कोणी अडवणार नाही, परत आत घेतील याची हमी मी देत नाही. त्यांच्या ओळखीची एक मुलगी वडिलांसाठी आली होती, ती महिनोन्महिने इकडेच अडकली होती आणि पोरं तिकडे. "मामा, मी येऊनच राहिली," मीनल रडत म्हणाली, "होईल ते होईल." फोन स्पीकरवर होता. ताईने तो माझ्या हातातून ओढून घेतला. अंगात तेवढी ताकद कुठून आली, ठाऊक नाही.

"तू आली न मीनल, तं मी दार उघडनार नाही. आयकलं? पायरीवर बसून राहाशीन. तुले परत घेतलं नाही तं त्या लेकराले आई कोन आनून देईन? आईबिगर काय असते ते तू त्याले दाखवू नको. मी सांगून राहिली, येऊ नको."

फोन बंद झाला. तिने तो पदराने पुसला. मग हळूच म्हणाली, "बाल्या... लय जोरात बोलली का मी?"

तिच्या मयतीला लोक पुष्कळ आले. पांढऱ्या साडीत ती शाळेच्या झेंडावंदनाला निघाल्यासारखी दिसत होती. बुद्धवंदना झाली, पंचशील झालं, चौथ्या शीलाशी मी अडखळलो. अग्नी मला द्यायचा होता आणि फोनही मलाच धरायचा होता. मीनल म्हणाली, "मामा, पाय दाखवा न आईचे." मी फोन खाली नेला. "अजून जवळ." मी तो ताईच्या पावलांना टेकवलाच. आणि स्क्रीन एकदम काळी झाली. मी ओरडायला लागलो, "हॅलो, हॅलो! आवाज येऊन राहिला का? नेटवर्क गेलं वाटते!" सगळी मयत माझ्याकडे पाहायला लागली. तेव्हा त्या काळोखातून अगदी बारीक हुंदका आला... नेटवर्क कुठेही गेलं नव्हतं. तिकडे पोरीने फोनवर कपाळ टेकवलं होतं.

आता ताईच्या घराचं काय करायचं, असं सगळे विचारतात. भाड्याने द्या म्हणतात. मी अजून तिथेच आहे. अकोल्याहून बायको फोनवर करवादते, "तिकडंच राहाता काय आता?" तिला कसं सांगू? तिकडे सकाळ असते, इकडे दिवेलागण, त्या वेळी ताई स्वयंपाकघरातल्या ओट्याशी स्टूल घेऊन बसायची आणि फोनमधल्या नातवाला घास भरवायची. हात इकडून पुढे, तोंड तिकडे उघडायचं, चमचा मीनलचा. मधे दोन दिवस गेलो तेव्हा हे काम मी अकोल्याच्या घरातून करून पाहिलं. त्याने तोंड मिटून घेतलं. त्याला ती निळी भिंत लागते, ते स्टूल लागतं. म्हणून रोज संध्याकाळी मी ताईच्या ओट्याशी बसतो, हात पुढे करतो आणि माझ्या घोगऱ्या आवाजात म्हणतो, "हा चिऊचा, हा काऊचा..." दोनचार घास तो खातो. मग मान तिरपी करतो, स्क्रीनच्या कडेने डोकावून माझ्या मागे पाहायला लागतो.

मीनल चमचा तसाच धरून ठेवते. मी फक्त स्टुलावरून थोडा बाजूला सरकतो, त्याला नीट पाहता यावं म्हणून.