दाब सिस्टर आणि चौकड्यांचा शर्ट

तुर्भ्याच्या आमच्या हॉस्पिटलात "दाब!" अशी आरोळी उठली की लिफ्टपाशी उभे असलेले नातेवाईक दचकायचे. आम्ही हसायचो. दाब सिस्टरांचा क्लास सुरू झालेला असायचा. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, हे त्या आम्हा नर्सेसना शिकवायच्या. मूळच्या तळवलीच्या, ठेंगण्याठुसक्या, पण आवाज खाडीपलीकडे जाईल असा.

शिकवायच्या रबरी पुतळ्याला त्या नवऱ्याचा जुना शर्ट घालायच्या. "मानूस काय उघडा पडतो? कपडे घालूनच पडतो ना!" नव्या पोरी एकेक बटण सोडायला लागल्या की खेकसायच्या, "फाड गं! बटनं मी लावीन." आणि संध्याकाळी घरी बसून खरंच लावायच्या. दुपारी त्यांचा डबा घेऊन येणारे त्यांचे यजमान, ज्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, दारातूनच म्हणायचे, "रोज मलाच मारते, रोज मलाच जिता करते!"

त्यांचा आणखी एक हट्ट होता. एकीने नातेवाईक व्हायचं आणि पुतळ्याच्या पायाशी उभं राहायचं. "घरच्या मानसानं दाबायचं नाय. त्याचे हात रडतात."

एका दुपारी भाऊ डबा घेऊन आले आणि वॉर्डाच्या दारातच कोसळले. नाडी लागेना. सिस्टर माझ्या शेजारीच होत्या. वाटलं, आता मला ढकलून पुढे होतील. पण त्या नवऱ्याच्या पायाशी जाऊन उभ्या राहिल्या. भाऊंच्या अंगात निळ्या चौकड्यांचा नवाकोरा शर्ट होता. माझा हात अडला.

"फाड गं," त्या म्हणाल्या. "बटनं मी लावीन."

मी फाडला. जीव तोडून दाबलं. डॉक्टर आले, शॉक दिले. भाऊ गेले.

पुढे मला कुणाच्या छातीला हात लावायची भीती वाटू लागली. नोकरी सोडायचं मी ठरवून टाकलं. तेरावं झाल्यावर सिस्टर कामावर आल्या. क्लासमध्ये पुतळ्याच्या अंगात तोच निळा शर्ट होता, सगळी बटणं जागच्या जागी. त्यांनी मलाच पुढे बोलावलं.

"तुजे हात बरोबर होते," सगळ्यांसमोर म्हणाल्या. "फाड."

आणि स्वतः पायाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्या क्षणी त्यांच्याकडे वर बघायची माझी हिंमत झाली नाही. एवढं मोठं काळीज मी दुसरं पाहिलेलं नाही.

सिस्टर आता रिटायर झाल्यात. क्लास मी घेते. "फाड गं!" म्हणून मीही खेकसते. क्लास संपला की शर्ट तळवलीला सिस्टरांच्या घरी जातो. बटणं लावायचं काम त्यांनी अजून कुणाला दिलेलं नाही.