गोदाचे चोवीस शब्द

माझी धाकटी बहीण गोदा हिला इंग्रजी उलटं येत होतं, असं आमच्या आणि तिच्या सासरच्या घरात साठ वर्षांपासून सांगतात. ते खोटं आहे. इंग्रजी मला उलटं येत होतं. तिला ते मी शिकवलं होतं.

(एवढी चार वाक्यं लिहायला मला साठ वर्षं लागली. म्हणजे मराठीतही माझा वेग बेताचाच.)

गोष्ट निजामाच्या राज्यातली. आमचं गाव सेनगावच्या अलीकडं. मी हिंगोलीच्या शाळेत सातवीत होतो. मिसरूड फुटून दोन वर्षं झाली होती, तरी सातवीतच. शाळेत सगळं उर्दूत, आणि इंग्रजी तोंडी लावण्यापुरतं. पण गावात इंग्रजीचा वास घेतलेला दुसरा माणूस नव्हता, म्हणून मी विद्वान. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचायला लोक मलाच बोलवत. मी ती गंभीरपणे वाचायचो आणि सांगायचो, "दिवसातून दोनदा घ्या." सगळ्याच बाटल्या दोनदा घ्यायच्या. त्यातली एक गुडघ्याला चोळायची होती, हे फार उशिरा कळलं.

गोदाला वाशीमचं स्थळ आलं. वाशीम म्हणजे इंग्रजांचा मुलूख आणि आम्ही मोगलाईतले. कनेरगावची सरहद्द ओलांडली की माणूस शहाणा होतो, असं तिकडच्या लोकांना वाटायचं. (खरं सांगायचं तर आम्हालाही वाटायचं.) मुलगा शाळामास्तर होता. त्याचे काका कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले. त्यांनी आधीच निरोप धाडला, की मास्तराची बायको अगदीच अडाणी नको, मुलीला वीस-पंचवीस इंग्रजी शब्द यावेत, आम्ही पारखून घेऊ.

बानं मला बोलावलं आणि आठ दिवसांत पोरीला इंग्रजी शिकव म्हणून सांगितलं. आमच्याकडं गोऱ्हासुद्धा आठ दिवसांत औताला लागत नाही, पण बाचा माझ्यावर भरवसा होता.

माझं पुस्तक हरवलं होतं. (कधी हरवलं ते सांगता येत नाही, कारण उघडलं नव्हतं.) मग मी वर्गातल्या दोस्ताच्या वहीतलं एक पान मागून आणलं. त्यावर लहान-मोठं, थोडं-फार असे मोजमापाचे शब्द होते. एका ओळीत दोन विरुद्ध शब्द आणि त्यांचे दोन अर्थ. बारा ओळी, चोवीस शब्द. दोस्त उर्दूच्या सवयीनं उजवीकडून लिहायचा. आधी शब्द, मग त्याच्या डाव्या अंगाला अर्थ. मी विचार केला, इंग्रजी आहे, तर डावीकडूनच वाचलं पाहिजे, म्हणजे शब्दाच्या उजव्या अंगाला तो त्याचा अर्थ, आणि कडेला उरलेल्या शब्दाला उरलेला अर्थ. झालं! प्रत्येक शब्दाला त्याच्या वैऱ्याचा अर्थ जाऊन चिकटला. बिग म्हणजे लहान, स्मॉल म्हणजे मोठं. लिटल म्हणजे पुष्कळ, मच म्हणजे थोडं. इनफ म्हणजे आणखी पाहिजे आणि मोअर म्हणजे पुरे.

गोदा हुशार. भाकरी थापता थापता तिनं दोन दिवसांत सगळं पाठ केलं. अडली फक्त एकदा.

"भाऊ, स्मॉल म्हणजे मोठं काहून? म्हणतानी तोंड तर इवलंसं होऊन राहिलं."

"हिंगोलीच्या शाळेत तू जातीस का मी?"

ती पुन्हा भाकरी थापायला लागली. आयुष्यात मी वाद जिंकला तो हा एकच, आणि तोही चुकीच्या बाजूनं.

पाहुणे बैलांच्या दमणीतून आले. मुलगा अबोल, काका ऐटबाज. मुलीला पाटावर बसवून प्रश्न विचारणं काकांना जुनाट वाटत होतं. ते म्हणाले, मुलीनंच आम्हाला वाढावं, आम्ही इंग्रजीत मागू, म्हणजे दोन्ही परीक्षा एकदमच होतील. पुरणपोळीचा बेत होता. आता आमच्याकडं रीत अशी, की मुलगी बघायला आलेल्यानं ताटात अन्न टाकलं तर त्यानं स्थळ नाकारलं असं समजायचं. काकांना ही रीत माहीत होती. तीच त्यांना भोवली.

पहिल्या पोळीला गोदा तुपाचा तांब्या घेऊन आली. काका बोट उंचावून म्हणाले, "लिटल." गोदानं तांब्या उपडा केला. पोळी पोहायला लागली. बानं मला कोपरानं ढोसलं, बराबर समजलं की पोरीला! मग काकांनी भजी मागितली, "फ्यू." अर्धं टोपलं ताटात आलं. पुढची पोळी त्यांनी "स्मॉल" मागितली. गोदा आत गेली, सगळी चळत उलथीपालथी करून परातीएवढी एक शोधून आणली. काकांच्या टोपीखालून घाम निघाला. ताटात टाकावं तर सोयरीक मोडते, खावं तर काका मोडतात.

"इनफ," काका म्हणाले. गोदानं हसून पोळी वाढली. "इनफ, इनफ," काका म्हणाले. गोदानं दोन वाढल्या. आत माय, पाहुण्यांना पोळी लई आवडली म्हणून नव्यानं पुरण भरायला बसली.

आणि मला एकदम आठवलं. वर्गात मास्तर मला इंग्रजी वाचायला उभं करायचे आणि दुसऱ्याच ओळीला "इनफ" म्हणून खाली बसवायचे. आणखी ऐकायचं असतं तर बसवलं कशाला असतं? हे मला वर्गात दोन वर्षं सुचलं नाही. काकांच्या सातव्या पोळीला सुचलं.

शेवटी काकांनी इंग्रजी सोडलं आणि दोन्ही हात ताटावर आडवे धरले. "बाई, पुरे. पुरे."

गोदा पोळी हातात धरून उभी राहिली. "काका, मराठीत पुरे म्हणून राहिले अन् इंग्रजीत आणखी मागून राहिले. मी कोणतं धरू?"

बा माझ्याकडं वळला.

"नाम्या, इनफ म्हणजे काय रे?"

इथं मी खरं बोलायला हवं होतं. पण गावातली माझी सगळी विद्वत्ता त्या एका पोळीवर उभी होती.

"पुरे," मी म्हणालो. "मी पुरेच शिकवलं व्हतं, बा. तिनंच उलटं पाठ केलं."

गोदानं माझ्याकडं एकदा पाहिलं. पोळी टोपल्यात ठेवून आत गेली. काका ढेकर आवरत म्हणाले, पोरगी जरा मंद दिसते. बाचं तोंड उतरलं.

तेव्हा तो अबोल मुलगा पहिल्यांदा बोलला. मुलीला पुन्हा बोलवा म्हणाला. त्यानं एकेक करून सगळे शब्द विचारले आणि गोदानं खाली मान घालून, मी शिकवले तसे, न अडखळता सांगितले. तो नुसता मान डोलवत होता. मग पाहुणे निघाले. काकांना दोघांनी धरून दमणीत चढवलं.

चार दिवसांनी होकार आला. त्यांनी गोदाला माफ केलं, असं मी समजलो. त्यानंतर दर भाऊबीजेला गोदाच्या उलट्या इंग्रजीची गोष्ट निघायची. सगळे हसायचे, गोदाही हसायची, आणि सर्वांत मोठ्यानं मी.

गेल्या महिन्यात वाशीमला गेलो, दोघांना समोर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. डोळ्यांत पाणी आलं होतं. (माझ्याच.) गोदा सुपारी कातरत "बरं" म्हणाली. दाजी हसायला लागले.

"नामदेवराव, मला त्याच दिवशी कळलं होतं. चोवीस शब्द विचारले, चोवीसच्या चोवीस उलटे. पाठांतर कच्चं असतं तर चार-दोन चुकून तरी खरे निघाले असते. म्हटलं, पोरगी पक्की आहे, शिकवणारा कच्चा आहे."

"मग एवढी वर्षं बोलला नाहीत?"

"तूच लई मन लावून हसायचास, भाऊ," गोदा म्हणाली. "मोडवलं न्हाई."

"अन् काका कसे तयार झाले?"

"परतीच्या वाटेत त्यांना सगळं समजावलं," दाजी म्हणाले. "कबूल झाले. अट तेवढी एक घातली. पुढं लेकरं झाली तर मामाच्या गावाला खुशाल धाडायची, पण पुस्तकं घरी ठेवून."

माझी पाच भाचरं दर उन्हाळ्यात महिनाभर आमच्याकडं राहायची. कधी एकानं पाटीसुद्धा आणली नाही. मी बायकोला अभिमानानं सांगायचो, बघ, माझ्यावर किती जीव आहे, मामाकडं आली की लेकरं अभ्याससुद्धा विसरतात.