शिट्टी झाली हुती

पिंपळीच्या तात्यांचं खरं नाव मला अजून ठाऊक नाही. आमच्या गळ टाकणाऱ्यांच्या स्पर्धेला ते दरवर्षी येतात, टोपीवरून उपरणं हनुवटीखाली बांधतात आणि बसण्याआधी पाण्याला हात जोडतात. कुणी काही विचारलं, की "बघू, बघू."

गेल्या वर्षी माझा मासा त्यांनीच बाद करवला. "वेळ संपल्याची शिट्टी आधी झाली," म्हणाले. मी पंचांशी घसा बसेपर्यंत भांडलो, तरी चषक गेला. तो राग वर्षभर जपला होता.

यंदा इंदापूरजवळ, उजनीच्या काठावर, वारा असा सुटला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. वजनात मीच पुढं होतो. अखेरीला तात्यांनी माझ्या शेजारीच हातभर लांब कटला मासा काठावर ओढला. चषक पुन्हा गेला, मी समजलो. तात्या मात्र गळ सोडवत म्हणाले, "शिट्टी झाली हुती."

"कुणी ऐकली, तात्या? घ्या की वजन करून!" मीच ओरडलो.

"म्या ऐकली." कटला पाण्यात गेला.

बारामतीच्या बाजारात घासाघीस करण्यात माझा हात कुणी धरत नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच दुसऱ्याच्या मालासाठी भांडलो, हरलो, आणि चषक घेऊन घरी आलो.