सोबत आलेलीचं बीपी

अकोल्यात एका डॉक्टरीणबाईच्या दवाखान्यात मी दारावर बसतो. शिकलो चौथीपर्यंत. काम एकच, चिठ्ठीवरचं नाव पुकारायचं. पेशंट गोळ्या घेऊन घरी जाते, पण त्याची गोष्ट बाकड्यावरच सोडून जाते. झाडू मारला तरी निघत नाही. अशा लई साचल्या.

*

अकोटचा एक कापसाचा व्यापारी आला. छातीत धडधड. मागे बायको, तिच्या हातात त्याची फाईल, त्याच्या गोळ्या, त्याची पाण्याची बाटली. आमच्या मॅडमची एक खोड आहे, सोबत आलेल्या बाईच्या दंडाले आधी बीपीचा पट्टा बांधतात.

शेठ भडकला, "मॅडम, नाव माहं पुकारलं नं!"

मॅडम म्हणाल्या, "नाव तुमचं, पण बीपी हिचं चढलंय. उठा, खुर्ची द्या हिला!"

*

शेंदूरजनाघाटची संत्राच्या बगीच्यावाली बाई. "पाळी गेली अन् बीपी आलं. कावून मॅडम?"

मॅडमनं सांगितलं, "पाळी चालू असते तोवर अंगात इस्ट्रोजन नावाचं हार्मोन भरपूर बनतं. ते रक्ताच्या नळ्या मऊ ठेवायला मदत करतं. पाळी गेली की ते आटतं, नळ्या कडक व्हायला लागतात."

"म्हणजे ठिबकची नळी उन्हानं कडक होते, तसं!"

"अगदी तसं."

नवरा मधातच बोलला, "मंग बदलून टाका नं!"

"चूप बसा! तुमी कडक झाले तं म्या बदलले काय?"

*

धामणगावची एक आजी. नवऱ्याची बीपीची गोळी दोन वर्षांपासून मोडून अर्धी त्याले देई, अर्धी सोता खाई.

मॅडमनं कपाळाले हात लावला. "आजी, हे कोणी सांगितलं?"

"कोन सांगन? घर एक, मीठ एक, मंग गोळ्या दोन कायले?"

बाजूचा म्हातारा ताडकन उभा राहिला, "आता समजलं माहं बीपी कावून उतरून नाही राहिलं!"

सारं बाकडं हसलं. मॅडम हसल्या नाहीत. आजीच्या नावाची चिठ्ठी त्या दिवशी पहिल्यांदा निघाली.

*

अमरावतीच्या एक रिटायर मास्तरीणबाई. चाललं की जबडा दुखे, थांबलं की थांबे. त्याईनं दाढ काढली. मंग दुसरी काढली. दुखणं तिथंच! आमच्याकडे आल्या तवा हृदयाची नळी तुंबत आली होती.

मॅडम मले बोलल्या, "बाईचं हृदय दर वेळी छातीतच दुखत नाही. जबडा, पाठ, नुसता थकवा. बाया ॲसिडिटी म्हणून गप्प बसतात. लक्ष ठेवत जा."

तवापासून मी बाकड्यावरच्या बायाईले दमच देतो, "जबडा दुखते? पाठ दुखते? मंग बोल नं माय, तोंड हाय का नाही!" लोक मले अर्धा डॉक्टर म्हणतात.

*

माह्या घरची रोज एक वाजता जिना चढून माहा डबा आणते. लग्नाले बेचाळीस वर्षं झाली. मी तिले "अवं" म्हणतो, नाव कधी घेतलं नाही. महिन्याभरापासून डबा उशिरा येऊन राहिला होता. एक दिवस खेकसलो, "अवं, कुठं बसली होती?"

"पायरीवर. चढलं की जबडा भरून येते. बसलं की जाते."

मी म्हणालो, "दाढ असन." ती बाकड्यावर टेकली.

केबिनचं दार उघडं होतं. मॅडमनं मले आत बोलावलं. कोरी चिठ्ठी पुढं केली. "तिचं नाव लिहा. आणि पुकारा. आधी तिला घेते."

लिहिलं. दारात येऊन उभा राहिलो.

"कमलाबाई!"

कोणीच उठलं नाही.

"कमलाबाई!" आता जोरानं.

तिनं डबा मांडीवर नीट धरला, अन् बाजूच्या बाईले कोपर मारलं, "जा नं बाई, तुमाले बोलावून राहिले."