अनंता आणि मेन स्विच

पडघ्याच्या आमच्या शाळेतल्या अनंता शिपायावर मी चार महिन्यांत जितकी ओरडले, तितकी स्वतःच्या पोरांवरही कधी ओरडले नसेन.

साल २००७. शाळेत दहा जुने कॉम्प्युटर होते आणि त्यांच्यात चोरीची सिस्टीम. दर आठवड्याला नवा व्हायरस. वैतागून मी लिनक्स या दुसऱ्या सिस्टीमची सीडी मिळवली, फुकटची आणि तरी कायदेशीर, आणि दिवाळीच्या सुट्टीत एकटीने बसून दहाही कॉम्प्युटरवर चढवली. हेडसर म्हणाले, "मार्चमध्ये शाळा तपासायला कमिटी येईल. तेव्हा चालू दिसले तर ठीक. नाहीतर ती खोली सहावी ब ला." मुलं आता कुठे नीट शिकायला लागली होती. ती खोली मला काहीही करून टिकवायची होती.

आमच्याकडे लोडशेडिंगमुळे वीज कधीही जायची. अशी मध्येच गेली, की पुढच्या वेळी सुरू होताना कॉम्प्युटर स्वतःची तपासणी करायचा. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायच्या. दहा मिनिटं गप्प बसलं की झालं. पण अनंता गप्प बसेल तर शपथ! सकाळी झाडू मारून तो कॉम्प्युटर लावायचा, ओळी दिसल्या की धावत जाऊन मेन पाडायचा आणि वर अभिमानाने मला सांगायचा, "मशीन बिघडली व्हती म्याडम, लगेच बंद केली."

अर्धवट तपासणीत वीज तोडल्यावर सिस्टीमचा बट्ट्याबोळ. मी पुन्हा सीडी घेऊन बसायचे. समजावलं, रागावले, शेवटी स्विचवर चिठ्ठी चिकटवली, मेनला हात लावू नये. अनंता म्हणाला, "न्हाय लावत म्याडम. बिघडली तरच लावतो."

फेब्रुवारीत सहाव्यांदा हेच झालं आणि माझा तोल गेला. "अरे, तुझ्या डोक्यात शिरतं तरी काय?"

तो खाली बघत म्हणाला, "निजामपुऱ्यात कापडाच्या कारखान्यात वीस वरसं लूम चालवला मी. धागा तुटला का पयली मशीन बंद कराची. उशीर झाला का कापड वाया. माझा एक तागा कधी परत आला न्हाय."

मला स्वतःचीच लाज वाटली. चार महिने मी चिठ्ठ्या चिकटवत होते, पण त्याला कधी खुर्चीवर बसवलं नव्हतं. त्या दिवशी बसवलं, बळेच, वाचलेल्या एका कॉम्प्युटरपुढे. ओळी सुरू झाल्या. तीनदा उठला, तीनदा मी खांदा दाबून खाली बसवला. मग पडदा उजळला. अनंता बघतच राहिला. "म्हंजे तुटलेला धागा ही सोताच सांधते?"

"हो रे बाबा, हो!"

मार्चमध्ये कमिटी आली, आणि नेमकी आदल्या दिवशी वीज गेलेली. दहाही पडद्यांवर ओळी धावायला लागल्या. "अहो, बंद करा!" म्हणत हेडसर स्वतःच मेनकडे धावले. अनंता झाडू घेऊन आडवा उभा राहिला. "सायेब, बसा. दहा मिनटं लागतील."

कमिटीसमोर हेडसर मुकाट्याने बाकावर बसले. दहा मिनिटांनी दहाही कॉम्प्युटर सुरू झाले आणि खोली वाचली.

दुसऱ्या दिवशी अनंताच्या हातात मेमो पडला, वरिष्ठांशी उद्धट वर्तन. माझं डोकंच फिरलं. मी चांगलं पानभर उत्तर लिहायला घेतलं, तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या म्याडम, मीच लिवतो." कॉम्प्युटरपुढे बसून एका बोटाने त्याने दुपारभर टाइप केलं आणि छापून, खाली सही करून कागद हेडसरांच्या टेबलावर ठेवला.

त्यावर एकच ओळ होती. "सायेब, मशीन काम करत व्हती."